आधी पाठ, मग खिसा

आमच्या घरात सफरचंदाचे एकसारखे आठ तुकडे करणारं यंत्र आहे. सफरचंदं क्वचित असतात. अंड्याच्या आकाराचा एक दिवा आहे, तो टाळी वाजवली की लागतो. शिवणकाम करणाऱ्या घरात दिवसातून किती वेळा कापड झटकलं जातं याचा तो बनवणाऱ्याला अंदाज नसावा, त्यामुळे तो बिचारा दिवसभर लागतो आणि विझतो. मानेखाली घ्यायची एक उशी आहे, पायाखाली घ्यायची एक उशी आहे, आणि दोन्ही उशा ठेवायला एक टोपली आहे. टोपली ठेवायला जागा नाही.

हे सगळं माझ्या नणंदेनं आणलेलं. तिला घरात भिंगरी म्हणतात. लहानपणी एका जागी बसत नसे म्हणून तिच्या दादानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ते नाव ठेवलं आणि आता केसात चार पांढरे दिसायला लागले तरी ते सुटलेलं नाही. दातांच्या एका दवाखान्यात ती रिसेप्शनला बसते. घाबरलेल्या माणसांना गोड बोलून खुर्चीपर्यंत नेण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही, आणि पगारही काही वाईट नाही. लग्न मोडलं तेव्हा दोन बॅगा घेऊन ती महिनाभरासाठी म्हणून आमच्याकडे आली. तो महिना बरीच वर्षं चालला.

घर आमचं लहान. पुढची खोली म्हणजे माझं दुकान. तिथे कापायचं टेबल, दोन मशीन, आरसा, आणि लोकांच्या उंची कमी करायच्या पँटी. मागे स्वयंपाकघर आणि आमची झोपायची खोली. भिंगरी दुकानात घडीची खाट टाकून झोपायची आणि पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत खाट मिटवून भिंतीला लावायची. एकदा एक गृहस्थ भल्या सकाळी कोट घेऊन आले, तर ही तोंडात ब्रश घेऊन खाटेवर बसलेली. "नंतर येतो" म्हणाले, ते अजून यायचेत. त्या दिवशी ती दिवसभर हसत होती, आणि संध्याकाळी येताना माझ्यासाठी सुया ठेवायचं हृदयाच्या आकाराचं गादीसारखं काहीतरी घेऊन आली.

मग एक दिवस नर्सबाई पडदे घेऊन आल्या. आमच्याच रस्त्यावर पलीकडच्या टोकाला त्यांचं घर आहे. नर्सची नोकरी संपून किती वर्षं झाली, पण बोलणं अजून इंजेक्शन दिल्यासारखं, झटपट आणि आधी न सांगता.

"हे दोन पडदे वीतभर कमी कर. वरच्या खोलीचे आहेत. भाचा परीक्षेला राहिलाय, तो गेला की खोली भाड्यानं देणार."

भिंगरी खाटेवरच्या चादरीची घडी घालत होती, ती थांबली.

"खिडकी आहे का हो खोलीला?"

"पडदे कशाला शिवून घेतेय मग, भिंतीला?"

"आणि दार? म्हणजे, वेगळं?"

"जिना वेगळा, दार वेगळं, कुलूप वेगळं. डिपॉझिट मात्र रोख आणि एकरकमी लागेल. हप्त्यानं खोली मागणारे मी पुष्कळ पाहिले." मग त्यांनी हिच्याकडे नीट पाहिलं. "तू बघणार असशील तर भाचा जाईपर्यंत थांबते. तोवर तुझे तीन पगार होतील. पुरे?"

पडदे तिथेच टाकून भिंगरी त्यांच्याबरोबर खोली बघायला गेली. परत आली तेव्हा चेहरा असा, की मी पायडलवरचा पाय काढला.

"वहिनी, खिडकीतून एक झाड दिसतं. आणि दार आतून लावता येतं."

दार आतून लावता येणं ही काही कौतुकाची गोष्ट नाही. ज्याला लावता येत नाही त्यालाच ती कळते.

रात्री जेवताना दादानं विचारलं, "शिल्लक किती आहे तुझ्याकडे?"

भिंगरीनं बँकेचा आकडा सांगितला. दादा लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्ट मधल्या मजल्यावर अडकल्यावर माणसं जसं वर बघतात तसं त्यानं वर पाहिलं.

"अगं, पगार होतो ना तुझा?"

"होतो रे. आणि जातो. कुठे जातो ते सांगून जात नाही."

"घरातल्या माणसांचं वळण," मी म्हटलं, कारण दादाही कधी सांगून जात नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी टेबलावर एक शर्टाचं कापड अंथरलं आणि भिंगरीला शेजारी उभं केलं. मला हिशेबातलं फार कळत नाही. शाळा मधेच सुटली, आणि जे काय शिकले ते उसवून शिकले, म्हणजे दुसऱ्यानं शिवलेलं उसवून बघायचं आणि पुन्हा शिवायचं. पण कापड पुरवणं मला येतं. तीस वर्षं तेच करतेय.

"यातून शर्ट काढायचाय," मी म्हटलं. "काय आधी आखशील?"

तिनं खडू घेतला आणि बराच विचार करून कापडाच्या मधोमध खिसा आखला.

"का गं?"

"छोटा आहे. सोपा वाटला."

"हेच. तू रोज हेच करतेस. कापडाच्या मधोमध आधी खिसे कापतेस. एक कॉफी, एक ती केसांची पिन, एक त्या फोनवर आलेलं 'आजच घ्या, उद्या महाग'. सगळे लहान लहान खिसे. आणि महिनाअखेरी पाठ कापायला जातेस तर कापड जाळीसारखं. आधी पाठ आखायची, मग पुढचे दोन भाग, मग बाह्या. कॉलर, पट्ट्या, खिसा हे उरलेल्या तुकड्यांत बसतात. न बसले तर बिनखिशाचा शर्ट घालता येतो. बिनपाठीचा घालून दाखव."

"वहिनी, पाठ म्हणजे डिपॉझिट?"

"पाठ म्हणजे डिपॉझिट. पगार झाला त्याच दिवशी ते काढून दुसऱ्या खात्यात. पुढा म्हणजे घरात देतेस ते आणि बसचा पास. बाही म्हणजे आठवड्याचा सुटा खर्च, तो या बटव्यात. सोमवारी भरायचा, रिकामा झाला की पुढच्या सोमवारपर्यंत दवाखान्यातलं पाणी प्यायचं."

"आणि कार्ड?"

कार्डाचं मी रात्रीच ठरवलं होतं. तिच्या फोनमध्ये कार्डाचा नंबर साठवलेला होता. अंगठा टेकला की वस्तू घरी. तो नंबर तिच्याच हातानं पुसायला लावला. मग एका जाड कापडाची पिशवी शिवली, कार्ड आत घातलं आणि तोंड कच्च्या टाक्यांनी बंद केलं.

तिनं पिशवी उलटीसुलटी केली. "आणि मला काही झालं, दवाखाना-बिवाखाना लागला, तर?"

"कच्चा टाका आहे. एक दोरा ओढला की उसवतो. तुझ्यावर बंदी नाही गं घालत. फक्त दोरा ओढायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात एकदा विचार कर, पाठ की खिसा."

"आणि उसवल्यावर?"

"माझ्याकडे यायचं. मी पुन्हा घालून देईन."

खरी मेख तिथेच होती. तिला टाका घालता येत नव्हता.

पहिल्या आठवड्यात ती रोज आली. पिशवी माझ्यापुढे ठेवायची आणि दोरा मुठीतून टेबलावर सोडायची, मेलेली गांधीलमाशी दाखवावी तसा.

"काय होतं आज?"

"डोळ्यांवर ठेवायची थंड पट्टी."

"डोळ्यांना काय झालंय?"

"काही नाही. पण उद्या झालं तर."

मी सुई ओवायची, चार टाके घालायचे आणि पिशवी परत द्यायची. पण रोज कोणापुढे तरी हात पसरून "थंड पट्टी" असं मोठ्यानं म्हणावं लागलं की ती पट्टी आपोआप गरम होते. दुसऱ्या आठवड्यात ती दोनदा आली. तिसऱ्यात आली तेव्हा आल्याआल्याच हसत होती.

"कॉफीच्या रांगेत उभी होते. माझा नंबर आला आणि दोरा काही सापडेना. डॉक्टरांकडची ती बारकी कात्री असती तर बरं, असं मनात आलं. मागचा माणूस म्हणाला, बाई, ऑपरेशन चाललंय का? मला इतकं हसू आलं की रांगेतूनच बाहेर पडले. बाहेर आल्यावर लक्षात आलं, मला कॉफी नकोच होती. मला त्या दुकानात जाऊन पाच मिनिटं बसायचं होतं."

"मग?"

"मग बागेच्या बाकावर बसले. तिथे बसायचे पैसे पडत नाहीत."

पहिल्या पगाराची पाठ वेगळ्या खात्यात जमा झाली. दुसऱ्या पगाराचीही झाली. नर्सबाई रस्त्यात भेटल्या की "भाचा मन लावून वाचतोय" एवढंच सांगायच्या, आणि भिंगरी मान डोलवायची. खोलीत खाट कुठे टाकायची हे तिनं खडूनं माझ्या टेबलावर आखून ठेवलं होतं. ते पुसायचं नाही असा हुकूम होता, त्यामुळे मी पँटी तिच्या खाटेवर कापत होते.

मग एका संध्याकाळी दादा लवकर घरी आला. भिंगरी दारातून आत आली, चपला काढल्या, आणि दादानं पेपरातून डोकं वर केलं.

"काय गं, हल्ली रोज हात हलवत येतेस?"

तो चेष्टा करत होता. तिला ऐकू येईल असं हसलाही. ती पण हसली. पण हसून झाल्यावर तिनं दोन्ही हात ओढणीत घेतले, आणि जेवायला बसल्यावरच बाहेर काढले.

त्यानंतर तिचं वागणं बदललं. मी उठायच्या आत भांडी घासलेली. केर काढलेला. जेवताना "भूक नाही" म्हणून अर्ध्यावर उठायची. दवाखाना सुटल्यावर तासभर उशिरा यायची. "कुठे होतीस?" विचारलं तर "बाकावर." एक दिवस मी बाजारातून येत होते तर ही आमच्याच दारासमोर उभी, बेलवर हात नेऊन थांबलेली. मला बघून म्हणाली, "किल्ली शोधत होते." किल्ली तिच्या हातात होती.

आठवडाभरानं पार्सल आलं. माझ्या नावाचं.

मी वरचा पुठ्ठा उघडला. आत सीलबंद खोक्यावर चित्र होतं, बॅटरीवर चालणारी कापड कापायची कात्री. चार थर एकदम कापते, अंगठ्याला जोर लागत नाही. माझा उजवा अंगठा मुळाशी दुखतो. कधीतरी मशीनच्या दुकानातला माणूस या कात्रीचं चित्र दाखवून गेला होता आणि "असली कात्री असती तर" असं मी एकदाच, अगदी एकदाच, म्हटलं होतं. भिंगरीनं ते ऐकलं होतं.

किंमत मला माहीत होती. शर्टाची अर्धी पाठ. म्हणजे दोरा ओढला होता, आणि टाका घालून घ्यायला ती माझ्याकडे आली नव्हती.

खोकं मी मांडीवर घेऊन बसले. खोटं कशाला सांगू, सीलवरून नख दोनदा फिरवलं. मग खोकं टेबलावर ठेवलं, तिच्या खडूच्या खाटेवर, आणि तिची वाट बघत बसले. बसल्या बसल्या खोलीभर नजर गेली. टाळीचा दिवा. उशा. टोपली. दादासाठी बुटांना आपोआप पॉलिश करणारं काहीतरी. माझा सुयांचा गादीवाला ठोकळा. सफरचंदाचं यंत्र. इतकी वर्षं मी या सामानाला "भिंगरीचं सामान" म्हणत होते. त्यात भिंगरीचं काहीच नव्हतं. सगळं आमचं होतं.

ती आली. खोकं बघून आधी खुलली, मग माझा चेहरा बघून दारातच उभी राहिली.

"आवडली नाही?"

"फार आवडली. बस. एक विचारते, खरं सांग. इथे आल्यापासून तू स्वतःसाठी काय घेतलंस?"

तिनं बराच वेळ आठवलं. "चार्जर," म्हणाली. "जुना तुटला होता."

"आणि ही यंत्रं?"

"ती घरासाठी ना."

"कोणी मागितली होती?"

तिनं टेबलावरची खडूची रेघ बोटानं पुसायला घेतली. मी तिचा हात धरला.

"वहिनी, महिनाभरासाठी आले होते मी. तुझ्या दुकानात झोपते. गिऱ्हाईक यायच्या आत उठते, नाहीतर तुझा धंदा बुडतो. दादा काही म्हणत नाही, तू काही म्हणत नाहीस. पण दारात आले की वाटतं, हातात काहीतरी असावं. काहीही. हातात पिशवी असली की आत येता येतं. बेल दाबायच्या आधी मी रोज बघते, काय आणलंय ते. तुझ्या पिशवीनं सगळं थांबलं, चांगलं झालं. पण मग दादा म्हणाला ते..."

म्हणजे तिच्या पगाराला भोक कुठे होतं ते मला तेव्हा कळलं. खिशाला टाका घालत बसले होते, भोक आमच्या उंबऱ्यावर होतं.

दादा आतल्या दारात उभा होता. आतून कधी उठून आला होता कोण जाणे. हा माणूस लिफ्टच्या खड्ड्यात उतरून तासन्‌तास काम करतो, पण घरात दोन बायका गंभीर बोलत असल्या की त्याला पाणी प्यायची आठवण होते. आज मात्र तो पाणी प्यायला गेला नाही. चपला घालून पुढच्या दारानं बाहेर पडला आणि दार ओढून घेतलं.

"कुठे गेला हा?" भिंगरीनं डोळे पुसत विचारलं.

बेल वाजली.

मी दार उघडलं. दादा उभा. दोन्ही हात पुढे, तळवे वर.

"बघ," तो बहिणीला म्हणाला. "काय आणलंय मी?"

"काही नाही."

"लग्न झाल्यापासून मी या घरात असाच हात हलवत येतोय. विचार तुझ्या वहिनीला. एकदा तरी हाकललंय?"

"विचार पुष्कळदा आला," मी म्हटलं.

भिंगरी हसायला लागली, आणि हसता हसता टेबलावर डोकं टेकून रडली. दादा तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेला, धड जमेना, म्हणून नुसता थोपटल्यासारखं करत उभा राहिला. त्याच्या थोपटण्यानं दिवा लागला आणि विझला.

"आणि तो दिवा आधी विका," तो म्हणाला.

कात्रीचं सील शाबूत होतं, आणि परत करायची मुदत होती. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून खोकं पुन्हा बांधलं. दोरी मी आवळली, आणि कार्डाच्या पिशवीलाही पुन्हा टाके घातले. भिंगरी म्हणाली, "वहिनी, तुझा अंगठा?" मी म्हटलं, "अंगठा माझा आहे, माझ्या शर्टात आखेन मी. पुढच्या वर्षीच्या." आणि खरंच, त्याच दिवसापासून एका पाकिटात थोडं थोडं बाजूला ठेवायला लागले. लोकांना शिकवायचं आणि आपण मात्र आधी खिसे कापायचे, असं किती दिवस चालणार.

त्यानंतर भिंगरी रोज वेळेवर घरी यायला लागली. दारातच दोन्ही हात वर करून दाखवायची, पोलिसानं पकडल्यासारखे. दादा पेपरामागून "शाब्बास" म्हणायचा. भूक तिला पुन्हा लागायला लागली. मला वाटतं, बाकावरची बसायची जागा आमच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर आली, आणि तिथेही पैसे पडत नाहीत हे तिला उशिरा का होईना पटलं.

तरी एक घोर होता. कात्रीचे पैसे काही लगेच परत येईनात, आणि इकडे भाच्याची परीक्षा संपली. नर्सबाई दुकानात येऊन उभ्या राहिल्या. "दुसरं एक जोडपं विचारतंय. दोघंही कमावती आहेत."

पूर्वीची भिंगरी त्यांना काहीतरी भेट देऊन गप्प करती. मी बघत होते. तिचा हात पर्सकडे गेलाही, पिशवी बाहेर आली, बोटानं दोरा चाचपला. आणि तिनं ती परत ठेवली.

"नर्सबाई, बरेचसे जमलेत. थोडे एका ठिकाणी अडकलेत, ते येतील. आणि परवा पगार आहे. शुक्रवारी संध्याकाळी सगळे एकदम देईन. त्या जोडप्याला शनिवारचं सांगाल का?"

नर्सबाईंनी तिच्याकडे पाहिलं, थर्मामीटर बघावा तसं, थोडं लांब धरून.

"शुक्रवार संध्याकाळ. दिवे लागायच्या आत," म्हणाल्या.

गुरुवारी पगार झाला. कात्रीचे पैसे शुक्रवारी दुपारी आले. भिंगरीनं दवाखान्यातून फोन केला तेव्हा मागे कोणाच्या तरी दाताला मशीन लागलं होतं, त्यामुळे ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. पण आवाजावरून कळलं.

खाट आमचीच नेली तिनं, घडीची. टेबलावरची खडूची रेघ मी बरेच दिवस पुसली नाही. दादानं तिच्या दाराला नवी कडी बसवून दिली आणि ती आतून बाहेरून इतक्या वेळा लावून बघितली की शेवटी नर्सबाई खालून ओरडल्या.

पहिल्या रविवारी तिनं मला चहाला बोलावलं. आवरून निघाले, तर हातात पिशवी. पिशवीत पडद्याच्या उरलेल्या कापडाचे अभ्रे, एक डबा, आणि ते सफरचंदाचं यंत्र, म्हटलं तिला उपयोगी पडेल. दारापर्यंत गेले. मग परत वळले आणि पिशवी टेबलावर ठेवली. रस्ता एवढासा, पण चालताना हात कुठे ठेवावेत ते कळेना. आयुष्यात कोणाकडे असं मोकळ्या हातानं गेले नव्हते. जिना चढताना तर भीतीच वाटली थोडी.

तिनं दार उघडलं. मी दोन्ही हात वर केले.

ती बाजूला झाली आणि मला आत घेतलं.

खोलीत खाट, एक खुर्ची, दोन कप, आणि खिडकीत ते झाड. एवढंच. खिळ्याला कार्डाची पिशवी टांगलेली होती. तिच्या तोंडावर नवे टाके होते, एक लांब, एक आखूड, दोरा मधेच गाठला होता. मी घातलेले नव्हते.

"हसू नकोस," ती चहा गाळता गाळता म्हणाली. "शिकतेय."

"हसत नाही. उसवायचेच आहेत ते."

"हल्ली फारसे नाही उसवावे लागत."

तिच्याकडे एक सफरचंद होतं. ते तिनं साध्या सुरीनं कापलं. चार तुकडे झाले, चारही वेगवेगळे, आणि त्यातला सगळ्यात मोठा तिनं माझ्या रिकाम्या हातावर ठेवला.